ज्याचं कार्ड त्यानंच यावं

दुकानात तिला सगळे ‘तीन नंबर मावशी’ म्हणत. दुकान घरगुती सामानाचं, तीन मजली. खाली भांडीकुंडी आणि प्लॅस्टिक, वर पडदे-चादरी, त्याच्यावर दिवे, इस्त्र्या, मिक्सर. पैसे घ्यायची काउंटरं मात्र सगळी खाली, दाराजवळ एका रांगेत. तिसऱ्या काउंटरवर ती इतकी वर्षं बसली होती, की एक आणि दोन नंबरच्या मुली लग्न होऊन, नोकरी बदलून, नाहीतर भांडून निघून गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, त्याही गेल्या. तीन नंबर तेवढा हलला नाही. बसली म्हणायचं, पण खरं तर उभीच. स्टूल होतं, पण गिऱ्हाईक समोर असताना त्यावर टेकायचं नाही असा दंडक होता.

ती कामाला लागली तेव्हा वडील नुकतेच गेले होते आणि धाकटी बहीण शिकत होती. ‘धाकटीचं होऊ दे, मग बघू’ म्हणता म्हणता धाकटीचं झालं. मग आईचे गुडघे गेले, मग आईची नजर गेली, आणि ‘आता या वयात काय’ असं लोकांनी म्हणायच्या आत तिनंच ते म्हणून टाकलं. पुढे आईही गेली. दोन खोल्यांत ती एकटी उरली. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. भिंतीवरून पाण्याचा एक पाइप खाली उतरला होता आणि वरच्या मजल्यावर कोणी नळ सोडला की तो खळखळायचा. संध्याकाळी तो आवाज आला की तिला बरं वाटे. वर कुणीतरी भांडी घासतंय एवढं तरी कळायचं.

एकदा जेवायला बसताना ताट स्वतःपुढे ठेवून ती सवयीनं म्हणाली, “पिशवी हवी का?” आणि मग एकटीच हसली. हसू पुरतं संपायच्या आतच तिच्या लक्षात आलं की आज घरी आल्यापासून आपण बोललेलं हे पहिलंच वाक्य आहे.

दुकानात बोलणं होई, पण ते ठरलेलं. आणखी काही? सुटे आहेत का? पावती पिशवीत टाकू? त्याला अपवाद एकच, चिमटेकाका.

दुपारी जेवणानंतर दुकान ओस पडे. वॉचमन दारातल्या खुर्चीवर पेंगायला लागे, मुली गोदामात खोक्यांवर बसून डबे खात. त्या वेळी हे काका येत. नाव मुलींनी ठेवलेलं. सुरुवातीला काकांनी कपडे वाळत घालायचे चिमटे इतके नेले होते की एक नंबरची मुलगी म्हणाली, “काका घरी काय धोब्याचा कारखाना चालवतात का गं?” काका पूर्वी तलावावर पोहायला शिकवत. अर्धं गाव आपण पाण्यात ढकललंय, असं ते सांगत. खांदे अजून रुंद होते, पण शर्ट त्यांच्यावर हँगरला अडकवल्यासारखा लोंबायचा.

ते रोज एकच वस्तू घेत. दोन लागणार असल्या तरी एक उद्यावर ठेवत.

“आज काय काका?”

“आज नरसाळं. तेल ओतायला.”

“परवा नेलंत की एक.”

“ते लहान होतं.”

“आणि हे?”

काका नरसाळं उलटसुलट करून बघत. “हेही लहानच आहे. पण रंग निराळा.”

ते बोलायला येतात हे तिला ठाऊक होतं, आणि आपण बिल करायला मुद्दाम वेळ लावतो हेही ठाऊक होतं. मशीनमधला कागद संपलेला नसताना ती झाकण उघडून बघे. काका तेवढ्यात पाण्याच्या गोष्टी सांगत. एकदा म्हणाले, “बुडणारा माणूस ओरडतो असं लोकांना वाटतं. ओरडायला श्वास लागतो, मावशी. तो गप्पच असतो. म्हणून तर काठावरच्या माणसाचं लक्ष जात नाही.” मावशीला पोहता येत नव्हतं. “आता शिकवा,” ती म्हणाली. “आता मीच काठावर,” काका म्हणाले, आणि दोघं हसली.

पैसे ते नेहमी कार्डानं देत. पाकिटात नोटा दिसायच्या, तरी साबणदाणीएवढ्या वस्तूलासुद्धा कार्डच पुढे करत. मशीन किर्रर्र करून कागद बाहेर टाकेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघत, आणि कागद आला की मान हलवत, एखादं काम मार्गी लागल्यासारखी. म्हाताऱ्या माणसाला यंत्राचं कौतुक असतं, असं तिनं धरून चाललं होतं.

मग ते चोरीचं प्रकरण झालं. एक दाढीवाला गृहस्थ दोन इस्त्र्या, तीन मिक्सर आणि एक मोठा पंखा घेऊन गेला आणि कार्ड निघालं कुणा बाईंचं. बाईंनी बँकेकडे तक्रार केली, बँकेनं भुर्दंड दुकानावर टाकला. कार्डावर बाईचं नाव ठसठशीत छापलेलं होतं, पण एक नंबरची मुलगी तेव्हा दोन नंबरच्या मुलीशी बोलण्यात गुंग होती. त्याच महिन्यात नवे साहेब आले होते. तरुण, शर्टाला इस्त्री कडक, बोलणंही तसंच. त्यांनी प्रत्येक काउंटरवर पाटी लावली: ‘कार्डाने पैसे देणाऱ्यांनी ओळखपत्र दाखवावे.’ आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं, “नाव जुळलं पाहिजे, फोटो जुळला पाहिजे. ज्याचं कार्ड त्यानंच यावं. माझे वडील आले तरी विचारायचं.”

पहिल्या आठवड्यात नुसती करमणूक झाली. एका बाईंचा फोटो इतका जुना होता की मावशी एकदा फोटोकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. “मीच आहे हो ती,” बाई म्हणाल्या. “मध्ये तीन बाळंतपणं झाली, बाकी काही नाही.” एक गृहस्थ बायकोचं कार्ड घेऊन आले. मावशी म्हणाली, “मग बाईंना घेऊन या.” ते दचकून म्हणाले, “नको हो, ती आली तर बिल दुप्पट होईल.” एकजण पाटीकडे बघून चिडलाच. “चोर असतो तर बादली घेतली असती का? वरच्या मजल्यावर गेलो असतो!”

मावशीला मात्र त्या नियमाची मनातून गोडी लागली. आजवर तिच्यापुढे हात यायचे: अंगठ्या घातलेले, ओले, रंगाचे डाग पडलेले. आता नावं येऊ लागली, पत्ते, जन्मतारखा. ओळखपत्र परत देताना माणूस क्षणभर वर बघायचा, आपला चेहरा जुळला की नाही याची वाट बघत. तेवढा वेळ तिलाही त्याच्याकडे बघता यायचं. एका बाईंची जन्मतारीख आदल्याच दिवशीची होती. मावशी हसून म्हणाली, “काल वाढदिवस झाला वाटतं!” बाईंनी ओळखपत्र खसकन ओढून घेतलं. “तुम्हाला काय करायचंय? नाव बघायचं काम आहे ना, तेवढं बघा.” मागचे सगळे ऐकत होते. मावशीनं पावती फाडून दिली आणि त्यानंतर कधी कुणाच्या तारखेकडे पाहिलं नाही.

काकांचं काय? पहिले दोन दिवस तिनं त्यांचं कार्ड न बघताच मशीनला लावलं. ओळखीच्या माणसाला कसली ओळख विचारायची? तिसऱ्या दिवशी काका पीठ चाळायची चाळणी घेऊन आले, आणि नेमके साहेब तिच्या मागे उभे होते.

“ओळखपत्र बघितलंत का मावशी?” साहेबांनी विचारलं.

काकांनी ते आनंदानं काढून दिलं. शाळेतल्या मुलानं प्रगतिपुस्तक द्यावं तसं. तिनं पाहिलं. फोटो काकांचा, नाव काकांचं. मग कार्ड पाहिलं. आडनाव तेच, नाव दुसरंच.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “कार्डावर नाव वेगळं आहे.”

“मुलाचं आहे. त्यानंच दिलंय मला.”

“सॉरी काका,” साहेब पुढे झाले. “ज्याचं कार्ड आहे त्यांनीच यायला हवं.”

“तो विमानानं जावं लागतं इतका लांब राहतो. एका चाळणीसाठी येईल का?”

रांगेतले दोघं हसले. काकाही हसले, पण तोंड बारीक करून.

“रोख द्या ना काका,” मावशी म्हणाली. “एवढंसं तर आहे.”

काकांनी पाकीट उघडलं. आत नोटा होत्या. त्यांनी त्या नोटांकडे पाहिलं आणि पाकीट पुन्हा मिटलं. “रोख देऊन उपयोग नाही,” ते म्हणाले. मग चाळणी उचलून ती जिथून घेतली होती तिथे, खालच्या फळीवर, वाकून नीट ठेवून आले, आणि दाराकडे गेले. वॉचमननं सलाम केला, तो त्यांना दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. दुपारी दुकान ओस पडलं की मावशीची नजर दाराकडे जाई. आधी तिला राग आला. आपण काय मुद्दाम केलं का? नोकरी आहे बाबा. मग अपराधी वाटायला लागलं. मग वाटलं, बरं नसेल त्यांना. चौकशी करावी तर कुठे? ओळखपत्रावर पत्ता होता, पण त्या घाईत तो वाचायचा राहिला. इतके महिने रोज बोलत होतो आणि हा माणूस दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे वळतो की उजवीकडे, तेही आपल्याला माहीत नाही. घरी पाइप खळखळला तरी त्या दिवसांत तिला बरं वाटेना.

त्या आठवड्याच्या शेवटी दुकानाचा फोन वाजला. एक नंबरच्या मुलीनं घेतला, जरा ऐकलं आणि हात लांब करून तो मावशीकडे दिला. “कोणीतरी रोजच्या गिऱ्हाइकाबद्दल विचारतंय. तुमचे ते चिमटेकाका असतील.”

पलीकडे एक पुरुष होता. आवाज चाळिशीतला, घाईतला. “माझे वडील रोज तुमच्या दुकानात येतात. म्हणजे तसं दिसतं. त्यांच्याकडे माझं कार्ड आहे. ते वापरलं की माझ्या मोबाइलवर मेसेज येतो, तुमच्या दुकानाच्या नावानं. रोज दुपारी येतो. गेले काही दिवस आलेला नाही. ते आले होते का?”

“नाही आले,” मावशी म्हणाली. “कार्डावर तुमचं नाव होतं ना. आम्ही घेतलं नाही. नियम आहे.”

“म्हणून मेसेज आला नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही त्यांना फोन केला नाहीत का?” तिनं विचारलं.

“आमचं तसं...” तो अडखळला. “आई गेल्यापासून आमचं फारसं बोलणं नाही. भांडण वगैरे नाही. बोललो की थोडं बोचतं, इतकंच. मेसेज आला की मला कळायचं, बाबा उठलेत, कपडे करून चालत दुकानापर्यंत गेलेत. पुरे व्हायचं.”

“पुरे व्हायचं?”

“मला व्हायचं,” तो म्हणाला. “मावशी, खरं सांगू का? आज सकाळपासून फोन हातात घेऊन बसलोय. लावला आणि त्यांनी उचललाच नाही तर? म्हणून आधी तुम्हाला लावला.”

तिनं पत्ता आणि त्याचा नंबर लिहून घेतला. साहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी म्हणाले, “हे आपलं काम नाही, त्यांना म्हणावं पोलिसांना कळवा.” ती पत्त्याची चिठ्ठी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “जा तुम्ही,” ते म्हणाले. “तीन नंबरवर मी बसतो.”

घर दुकानापासून लांब नव्हतं. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवरून उजवीकडे, चार मजली इमारत, लिफ्ट बंद. जिना चढताना काय दिसेल या विचारानं ती मधल्या मजल्यावर थांबली, कठड्याला धरून. कुणाच्या तरी घरात लहान मूल पाढे म्हणत होतं आणि सातच्या पाढ्यात पुन्हा पुन्हा अडकत होतं. मग ती वर गेली आणि बेल दाबली.

दार लगेच उघडलं. इतकं लगेच, की ते दाराजवळच बसलेले असावेत.

“मावशी?” चिमटेकाका म्हणाले. गंजीफ्रॉकवर होते, दाढी वाढली होती, पण धडधाकट होते. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून ती रागावली.

“काय हे काका! किती घाबरवलंत!”

“तुम्ही घाबरलात?” काकांना खरोखरच नवल वाटलं. “या, आत या.”

बाहेरच्या खोलीत एक खुर्ची, एक पलंग, आणि खुर्चीजवळ स्टुलावर जुना फोन. भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती आणि तिच्यावर दुकानच मांडलेलं होतं. नरसाळी, गाळण्या, साबणदाण्या, ब्रश, चिमट्यांची पाकिटं, सगळं कोरं, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट. एकाही वस्तूचं वेष्टण फोडलेलं नव्हतं. मावशीनं त्यातल्या प्रत्येक वस्तूला हात लावला होता.

“त्यानं पाठवलं ना तुम्हाला?” काकांनी विचारलं.

“हो.”

“मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशीच फोन करेल.” ते पलंगावर बसले. “तुम्ही कार्ड घेतलं नाहीत तेव्हा मी औषधाच्या दुकानात जाणार होतो. तिथे कोणी काही विचारत नाही. निम्म्या रस्त्यात गेलोही होतो. मग मनात आलं, राहू दे. बघू तरी, मेसेज नाही गेला तर काय होतं. त्या दिवसापासून या फोनपाशी बसलोय. आंघोळीला गेलो तरी दार उघडं ठेवतो. वाजलाच नाही हो. काल उचलून बघितला, बिघडलाय की काय म्हणून. चांगला चालू आहे.”

मावशी खुर्चीवर टेकली. या माणसाला काय सांगावं? मुलानं बापाला नाही, दुकानाला फोन केला, हे खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

“तो घाबरला होता, काका,” ती म्हणाली. “फोन लावला आणि तुम्ही उचलला नाहीत तर, म्हणून. सकाळपासून हातात घेऊन बसलाय.”

“तो लहानपणी पाण्याला घाबरायचा,” काका म्हणाले. “सगळ्या गावाला शिकवलं आणि माझाच पोरगा काठाला धरून रडायचा. मी ओरडायचो त्याच्यावर. सगळ्यांसमोर.”

तिनं आपला मोबाइल काढला आणि मघाचा नंबर लावला. पहिल्या रिंगलाच पलीकडून “काय झालं?” असं जवळजवळ ओरडणं ऐकू आलं. “बोला,” एवढंच म्हणून तिनं फोन काकांच्या हातात दिला.

“हां, मी बोलतोय,” काका म्हणाले. “नाही रे, बरा आहे... चाळणी घ्यायला गेलो होतो... अरे पिठाची चाळणी... नाही, तशी लागत नव्हती.” मावशी उठून बाहेर जिन्यात आली आणि दार ओढून घेतलं. खालचं मूल आता नवाच्या पाढ्यावर होतं. आतून काकांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती तिथेच पायरीवर बसून राहिली. फोन तिचा होता, त्यामुळे जाताही येत नव्हतं.

पंधरवड्यानं मुलगा आला आणि काकांना घेऊन जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी दोघं दुकानात आले, बरोबर दोन भल्या मोठ्या पिशव्या. वस्तू परत करायच्या होत्या. मुलगा काकांसारखाच रुंद खांद्यांचा, पण किंचित वाकलेला. सतत कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा उभा राहायचा.

“पावत्या नाहीत,” तो म्हणाला.

“कार्डावरून सगळं निघतं,” साहेब म्हणाले. त्यांनी स्वतः येऊन परवानगी दिली होती. “फक्त ओळखपत्र लागेल.”

या खेपेला नाव जुळलं, फोटो जुळला. मावशी एकेक वस्तू मशीनवर धरू लागली. पहिलं नरसाळं झालं आणि मुलाच्या खिशातला फोन वाजला: टिंग. गाळणी झाली: टिंग. चिमटे: टिंग. तो ओशाळून फोन बंद करायला गेला, तर काकांनी त्याचा हात धरला.

“असा वाजतो होय?” ते म्हणाले. “राहू दे, राहू दे. मी कधी ऐकलाच नव्हता.”

मग पिशव्या रिकाम्या होईपर्यंत तिघं तशीच उभी होती. मावशी वस्तू धरत होती, फोन वाजत होता, आणि काका मान किंचित कलती करून ऐकत होते. मुलाचे कान लाल झाले होते. रांगेत मागे एक बाई होत्या, त्यांनी “अजून किती वेळ?” असं विचारायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, मिटून घेतलं.

निघताना काका म्हणाले, “फोन करीन हं मावशी.” त्यांनी केलाही. पोचल्यावर एकदा, आणि नंतर एकदा, नातीच्या परीक्षेचं सांगायला. मग नाही आला. तिच्याकडे नंबर होता. दुपारी दुकान ओस पडलं की तो काढून ती बघत बसे, पण लावत नसे. आपण लावला आणि काही भलतंच ऐकायला मिळालं तर? नाही लावला तर काका तिकडे मजेत आहेत, नातीला ओरडताहेत, एवढं धरून चालता येत होतं. मग तिला त्या मुलाचा राग येईनासा झाला.

पाट्याही पुढे गेल्या. नवी मशीनं आली. लोक स्वतःच कार्ड टेकवत, चार आकडे दाबत आणि निघून जात. ओळखपत्र मागायचं कारण उरलं नाही. साहेबांनी पाटी काढली तेव्हा काउंटरवर चिकटपट्टीचे चार चौकोन राहिले, ते तिनं नखानं खरवडून काढले. पुन्हा समोर नुसते हात येऊ लागले.

एका संध्याकाळी तिनं बहिणीला फोन केला. एरवी दोघींचं बोलणं कारणापुरतं: कोण आजारी, कुणाचं लग्न.

“काय झालं?” बहिणीनं उचलताच विचारलं.

“काही नाही.”

“मग फोन का केलास?”

“असाच.”

“असाच?” बहिणीला ते पटेना. “ताई, तुला बरं आहे ना? डॉक्टरनं काही सांगितलंय का? माझ्यापासून लपवू नकोस हं.”

“अगं, खरंच काही नाही.”

“मग ये की चार दिवस,” बहीण म्हणाली, म्हणायचं म्हणून.

मावशी गेली. दुकानातून रजा मागितली तेव्हा साहेबांनी तिच्याकडे दोनदा पाहिलं. तिनं आजवर आजारपणाशिवाय रजा घेतलेली नव्हती. बहिणीचं घर भरलेलं. तिला बाहेरच्या खोलीत झोपायला दिलं, आणि सकाळी सगळ्यांना आवरून निघायची घाई असल्यानं तिला सर्वांच्या आधी अंथरूण गुंडाळून ठेवावं लागे. भाची गोड हसायची आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घालायची. मेहुणे विचारायचे, “मग, दुकान काय म्हणतंय?” आणि उत्तर ऐकायच्या आत टीव्हीचा आवाज वाढवायचे. कोणी वाईट वागलं नाही. तिच्यासाठी तिथे जागा केलेली होती, पण ती केलेली जागा होती. ती एक दिवस आधीच परतली. “कामावर बोलावलंय,” असं खोटंच सांगितलं. बहिणीनं स्टेशनवर येऊन पिशवीत खाऊ कोंबला आणि गाडी हलल्यावर उगाचच डोळे पुसले.

आपल्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आत बंद हवेचा वास होता आणि सगळं ठेवलं होतं तसंच होतं. कोणी काही हलवलेलं नव्हतं. ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली.

पण त्यानंतर रविवारी बहिणीचा फोन यायला लागला. दर रविवारी नाही, तिच्या मनात आलं तर. बोलायला फार काही नसे. गुडघे, महागाई, भाचीचे नखरे. एका रविवारी असाच आला.

“जेवलीस का?”

“आत्ताच.”

“काय केलं होतंस?”

“काही नाही, कालचंच होतं. गरम केलं.”

“कालचं?” बहीण कडाडली. “किती वेळा सांगितलं तुला, शिळं खाऊ नकोस म्हणून! पोट बिघडलं की मग कोण बघणार आहे तिकडे? एकटीसाठी केलं तरी दोन घास ताजे करायला काय होतं गं तुला? आळशी कुठली!”

मावशी मुकाट्यानं ऐकत राहिली. खरं तर ते अन्न सकाळीच केलेलं होतं, ‘कालचं’ हे तिनं उगाचच सांगितलं होतं. पण बहीण जीव तोडून रागावत होती, आणि तिला मध्येच अडवावंसं मावशीला वाटलं नाही.